तेलाचं तापमान, पण कुठलं?

गाडीला काहीही झालेलं नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे घडलं त्याचं खापर इमारतीतले लोक अजूनही गाडीवरच फोडतात. गाडी अठरा वर्षांची होती, तिचा रंग मूळचा निळा होता आणि ती चढ व्यवस्थित चढत होती. थांबत होते ते तपासनीस.

तपासनीस म्हणजे औषधांच्या शीतगृहात तापमान तपासायला नेमलेले गृहस्थ. अठ्ठावीस वर्षं ते एका दालनातून दुसऱ्या दालनात जात आले, भिंतीवरचा आकडा बघत आले आणि वहीत लिहीत आले. इमारतीत त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही. बायकोसुद्धा चारचौघांत 'आमचे तपासनीस' म्हणते, आणि त्यात कौतुक किती हे मोजायचं उपकरण अजून निघालेलं नाही.

तर अशा माणसाला स्वतःच्या गाडीच्या पोटात तेल किती तापलंय हे कळू नये! पाण्याचा काटा होता, पेट्रोलचा होता. तेलाचा नव्हता. त्यामुळे चढ लागला की दर पाच किलोमीटरला ते गाडी बाजूला घेत, बॉनेट उघडत आणि आजारी माणसाच्या उशाशी उभं राहावं तसे पंधरा मिनिटं उभे राहत.

"काय बघताय?" बायको आतून विचारायची.

"निवू दे जरा."

"तापलंय का पण?"

"तेच तर माहीत नाही ना!"

लेकीने डोंगरावर नवं घर घेतलं. बावीस किलोमीटरचा चढ. तपासनीस चार वेळा थांबले आणि दोघं पोचले तेव्हा बाकीचे पाहुणे आपापल्या चपला शोधत होते. घरी आल्यावर बायको पाणी प्यायली, पेला ठेवला आणि मग बोलली.

"पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी परत जायचं. एकदाही न थांबता. थांबलात, तर गाडी खालच्या डॉक्टरांना देऊन टाकायची."

खालचे डॉक्टर म्हणजे तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर. ते गेली तीन वर्षं ही गाडी मागत होते. त्यांना गाडी नको होती, गाडीखालची जागा हवी होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"आणि तापलं तर?" तपासनिसांनी विचारलं.

"तापलंय हे आधी कळू दे. कळल्याशिवाय थांबायचं नाही."

अशा रीतीने सेन्सर घरात आला. बोटाच्या पेराएवढा, पितळी, मागे एक वायर, वायरच्या टोकाला गोल मीटर. मीटरवर एकशेतीसपासून पुढे तांबडा पट्टा होता. तपासनिसांना तो बेजबाबदार वाटला. त्यांनी काचेवर एकशेदहाला स्वतःची तांबडी चिकटपट्टी लावली. सोबत माहितीपत्रक होतं, आठ पानांचं, चार भाषांत. सेन्सर कुठे बसवायचा याबद्दल चारही भाषांत एकच वाक्य होतं: 'योग्य जागी बसवावा.'

*

योग्य जागा.

"खाली, साहेब," मिस्त्री म्हणाला. त्याचं गॅरेज कोपऱ्यावरच होतं. "इंजिनाच्या तळाला तेलाचा चेंबर, त्याला तेल काढायचा बोल्ट असतो बघा, तो काढायचा, त्याच्या जागी हा. दहा मिनिटांत पळायला लागाल."

"खाली?" हे वरच्या मजल्यावरचे बॉयलरकाका. एकतीस वर्षं बॉयलरवर काढलेला हा माणूस निवृत्तीनंतर कुठल्याही गरम वस्तूला आपली नातलग समजतो. तपासनिसांना ते लहानपणापासून ओळखत असल्यासारखे अरेतुरे करतात, जरी ओळख चार वर्षांचीच आहे. "अरे, चेंबरमधलं तेल म्हणजे काम करून घरी आलेला माणूस. पाय पसरून पडलेला. त्याचा ताप बघून काय करतोस? कामावर निघालेल्या तेलाचा ताप बघ. फिल्टरपाशी!"

"काका, निघतानाचं तेल ताजंतवानं असतं," मिस्त्री म्हणाला. "दमून आलेल्याचाच ताप बघायचा असतो."

"तू बॉयलर पाहिलायस का कधी?"

"तुम्ही चेंबर पाहिलाय का?"

डॉक्टर दवाखान्याच्या दारात हातमोजे काढत उभे होते. "आम्ही तर जिभेखाली ठेवतो," ते म्हणाले आणि आत गेले.

तपासनिसांची झोप उडाली. तसं त्यांना यात नवीन काहीच नव्हतं. शीतगृहात दाराजवळचा आकडा वेगळा, मागच्या भिंतीचा वेगळा, पंख्याखालचा तिसराच. तिथे त्यांनी आयुष्यभर एकच तोडगा वापरला होता: ज्या थर्मामीटरवर शिक्का, तो खरा. पण इंजिनावर शिक्का नव्हता. त्यांनी कागदावर इंजिन काढलं, त्यात तेलाचा रस्ता बाणांनी दाखवला, आणि रात्री जेवताना तो कागद बायकोच्या ताटाशेजारी ठेवला.

"हे काय, आतडी का?"

"तेल. तुझ्या मते कुठे मोजावं?"

"जिथे मोजल्यावर तुम्ही गप्प बसाल तिथे."

*

मिस्त्री जिंकला, कारण त्याच्याकडे जॅक होता.

दहा मिनिटांचं काम पावणेदोन तासांत झालं. तपासनीस गाडी घेऊन निघाले. काटा हलला. चाळीस. पंचावन्न. एकाहत्तर! अठरा वर्षं मुकं असलेलं माणूस एकदम आपलं वय सांगू लागावं तसं त्यांना झालं. डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांनी त्यांनी गाडी इमारतीच्या फाटकातून आत घेतली, आणि फाटकात गतिरोधक आहे.

हा गतिरोधक डॉक्टरांनी बैठकीत टेबलावर हात आपटून बांधून घेतलेला होता. सेन्सर चेंबरच्या खाली दोन बोटं बाहेर आलेला होता. या दोन गोष्टींची गाठ पडली तेव्हा 'खट्' असा एवढासाच आवाज झाला.

काटा शून्यावर आला. तेल डॉक्टरांच्या पायरीवर आलं.

दाढ काढून बाहेर पडणारे एक गृहस्थ त्यावरून घसरले आणि अलगद बसले. लागलं काही नाही. ते रागाने पुष्कळ बोलले, पण गालाला भूल दिलेली असल्यामुळे त्यातलं अर्धंच बाहेर आलं. तपासनिसांनी तेवढ्याचीच माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी जिन्यात लागलेली सूचना अशी:

'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, काही सभासद आपल्या वाहनांच्या खालच्या अंगास विविध वस्तू बसवीत असल्याचे समितीच्या निदर्शनास आले आहे. यापुढे वाहनात कोणताही बदल करावयाचा असल्यास वाहन कार्यालयाची लेखी परवानगी सादर करावी. अन्यथा असे वाहन आवारात उभे करू दिले जाणार नाही. पायरी दोनदा धुऊनही वास जात नाही. — चिटणीस'

चिटणीस कोण? डॉक्टर.

"'काही सभासद' म्हणजे कोण हो?" बायकोने सूचना मोठ्याने वाचून विचारलं.

"समितीची भाषा असते तशी."

"'विविध वस्तू' म्हणे. एकच तर होती!" ती म्हणाली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच गाडीच्या बाजूने काही बोलली होती. तपासनिसांना एवढा धीर पुरला. त्यांनी नवा सेन्सर आणला.

*

फिल्टरपाशी. बॉयलरकाकांची पाळी. गाडी जागची न हलवता, म्हणजे सूचनेच्या कक्षेबाहेर, असं काकांचं म्हणणं.

इंजिन आणि फिल्टर यांच्यामध्ये एक जाड चकती बसते, तिला बाजूला भोक असतं, त्यात सेन्सर. काकांनी पायजम्यावर जुना खाकी कोट चढवला आणि सेन्सरच्या आट्यांवर पांढरी नळाची टेप गुंडाळायला घेतली. एक वेढा, दोन वेढे, पाच वेढे.

"काका, पुरे ना?"

"बॉयलरला मी अकरा देत होतो. एकतीस वर्षांत थेंब गळला नाही."

अकरा वेढे झाले. इंजिन सुरू केलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पाण्याचा काटा मधोमध आला. तेलाचा काटा तळाशी पडून राहिला.

"बघ!" काका म्हणाले. "तेल गारच आहे तुझं. उगाच गाडीला आजारी ठरवत होतास."

बायको गॅलरीतून वाकली. "गार आहे का? मग झालं तर! आता थांबायचं कारण नाही."

क्षणभर तपासनिसांना वाटलं, असू दे. गार म्हणतायत तर गार. पण शिस्तीचा माणूस. त्यांनी खाली वाकून फिल्टरला बोट लावलं.

त्या बोटाला पुढे सहा दिवस मलम लागलं.

संध्याकाळी मिस्त्रीने येऊन पाहिलं आणि तो हसत हसत टायरवर बसला. "साहेब, ह्या सेन्सरला एकच वायर आहे. दुसरी वायर म्हणजे इंजिनाचं लोखंडच. आट्यांतून करंट जातो. काकांनी त्याला रजईत गुंडाळलाय, तो काय बोलणार?"

"बॉयलरला करंट लागत नाही," काका म्हणाले आणि जिना चढून गेले. दोन दिवस त्यांनी कुणालाही सल्ला दिला नाही, ही इमारतीत बातमी झाली. चकतीही काढावी लागली, कारण तिच्यामुळे फिल्टर पुढे येऊन शेजारच्या लोखंडी पट्टीला घासत होता.

रविवार आठ दिवसांवर आला होता.

*

इथे तपासनिसांनी ती चूक केली, जी त्यांच्याशिवाय कुणीच केली नसती. ते खरोखर परवानगी मागायला गेले.

"साहेब, कोण विचारतंय?" मिस्त्री कळवळून म्हणाला. पण शीतगृहात थर्मामीटर चार बोटं सरकवायचा तर दोन सह्या लागतात. विनासहीचं तापमान तपासनिसांच्या लेखी तापमानच नव्हतं. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि अर्ज भरला.

'बदलाचा प्रकार (रंग / आसने / इंधन / इतर): इतर.

बदलामुळे वाहनाच्या वजनात पडणारा फरक: एकशेचाळीस ग्रॅम वाढ. (स्वयंपाकघरातील काट्यावर मोजले. काट्याची खातरजमा गेल्या मंगळवारी केली आहे.)

बदलामुळे वाहनाच्या रूपात पडणारा फरक: दिसणार नाही. वाकून पाहिल्यास दिसेल.

बदलाचा हेतू: न थांबणे.'

खिडकीपलीकडच्या कारकुनाने अर्ज वाचला. चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला, परत वाचला.

"म्हणजे गाडी बदलणार कशी?"

"गाडी नाही बदलणार. तेल किती तापलंय ते कळेल."

"आत्ता कळत नाही, तरी गाडी चालते?"

"चालते."

"कळल्यावर वेगळी चालेल?"

"नाही. तशीच."

"मग बदल काय?"

तपासनीस विचारात पडले. "बदल... मला होईल."

"त्याचा अर्ज या खिडकीवर नाही." मागे रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. तपासनिसांचे कान तापले. किती, ते कळायला मार्ग नव्हता. "तुम्हाला बदल नसल्याचा दाखला लागेल," कारकून म्हणाला. "त्यासाठी सेन्सर बसवून गाडी आणा. बसवल्यावर काहीच बदललं नाही हे आम्ही पाहू."

"पण परवानगीशिवाय बसवला तर गाडी आवारात उभी करता येणार नाही."

"मग परवानगी घ्या."

"तीच मागतोय."

"बदल नसेल तर परवानगी कशाची देणार?"

कारकुनाने अर्ज बाजूला ठेवला, मान पुढे काढली आणि आवाज खाली आणून, सरकारी नसलेल्या स्वरात विचारलं, "बसवणार कुठे पण?"

"तेच ठरत नाहीये हो!" तपासनिसांनी त्याला सगळं सांगितलं. पायरी, रजई, बोट. बोट दाखवलंसुद्धा.

"खाली लावलात? अहो, खाली कोण लावतं!" कारकुनाने अर्ज उलटा केला आणि पाठीमागे पेनने चौकोन काढला. "माझ्याकडे ह्याच इंजिनाची गाडी आहे. हे बघा. फिल्टरमधून तेल वर जातं, त्या वाटेवर, मागच्या अंगाला, कंपनीनेच एक भोक ठेवलेलं असतं. आट्यांचं. बुचाने बंद. हात घालाल तर लागेल. तेल गाळून निघालेलं, कामावर चाललेलं, वाहतं. ह्याहून चांगली जागा नाही."

"आणि परवानगी?"

"भोक कंपनीचं आहे. तुम्ही बूच बदलताय. बुचाला परवानगी लागत नाही." त्याने अर्जावर 'बदल नाही' असं लिहून ठसठशीत शिक्का मारला. तपासनिसांनी तो शिक्का वाळेपर्यंत फुंकर घातली.

*

"हे भोक होय!" मिस्त्री म्हणाला. "हे मला माहीत होतं."

"मग बोललात का नाही?"

"तुम्ही विचारलंत, कुठे बसवू. भोक कुठे आहे असं कुठे विचारलंत?"

बॉयलरकाकांनी गॅलरीतून मौन सोडलं. "कामावर चाललेलं तेल! मी पहिल्या दिवसापासून काय सांगत होतो?"

शिक्क्याचा कागद डॉक्टरांनी दोन्ही बाजूंनी वाचला. पाठीमागच्या चौकोनाकडे त्यांनी जरा जास्त वेळ पाहिलं. "हरकत नाही," ते म्हणाले. "रविवारी जाताय ना वर? शुभेच्छा." आणि तपासनिसांनी पाहिलं की बोलता बोलता त्यांनी गाडीखालची जागा पावलांनी मोजली.

सेन्सर बसला. टेप नाही, गळती नाही, गतिरोधकापासून हातभर उंच. फक्त भोक इंजिनाच्या मागे पार डाव्या कोपऱ्यात होतं आणि वायर जेमतेम मापाची दिलेली. ती चालवणाऱ्यापर्यंत पोचेना. वीतभर कमी. मिस्त्री जोड द्यायला निघाला, पण जोडलेल्या वायरवरचा आकडा तपासनिसांना मान्य नव्हता. आणि नवी वायर सोमवारी येणार होती. शेवटी मीटर शेजारच्या सीटसमोर, खणाच्या झाकणाखाली बसलं. शेजारी बसलेल्यालाच दिसेल असं.

शनिवारी संध्याकाळी बायकोने त्या सीटवर बसून पाहिलं. मग चालकाच्या सीटवर बसून पाहिलं. "इथून दिसत नाही."

"नाही."

"आणि मला त्यातलं कळत नाही."

"मी शिकवतो ना. काटा जिथे..."

"नको. तुम्ही इथे बसा, मी चालवते."

गाडी चालवायला ती त्यांच्या दोन वर्षं आधी शिकली होती. पण या गाडीला ती अठरा वर्षांत दोनदाच हात लावू शकली होती, आणि दोन्ही वेळा तपासनिसांच्या पायाला प्लास्टर होतं.

"तुम्ही आकडा सांगत राहा," ती म्हणाली. "तुमचा तो एकशेदहा झाला की मी लगेच थांबते. मन मोडणार नाही तुमचं. आणि तिथूनच डॉक्टरांना फोन करते."

*

किलोमीटर चार. काटा अठ्ठ्याऐंशी.

"अठ्ठ्याऐंशी," तपासनीस म्हणाले.

किलोमीटर सात. "त्र्याण्णव. नाही, साडेत्र्याण्णव. वळणावर त्र्याण्णव."

"बरं."

किलोमीटर अकरा. समोर पाइपांनी भरलेला ट्रक. गाडी दुसऱ्या गियरमध्ये रांगू लागली. "नव्व्याण्णव. शंभर. अगं, जरा अंतर ठेव त्याच्यापासून. एकशे एक."

"आकडा सांगा. बाकीचं मी बघते."

किलोमीटर चौदा. "एकशे सहा."

किलोमीटर पंधरा. काटा चिकटपट्टीला टेकला. ही चिकटपट्टी त्यांनी स्वतःच्या हाताने, नखाने दाबून लावलेली.

"एकशे," तपासनीस म्हणाले.

"एकशे काय?"

शीतगृहात एकदा वरिष्ठांनी सांगूनही त्यांनी अर्धा अंश कमी लिहिला नव्हता. बढती चुकली होती त्यात. मिस्त्री म्हणाला होता, एकशेतीसपर्यंत काही होत नाही, साहेब. मिस्त्री काय, मिस्त्री दहा मिनिटंही म्हणाला होता.

"एकशे... चार," ते म्हणाले.

"उतरला?"

"हो."

किलोमीटर सोळा. काटा एकशे बारा. "एकशे चार."

किलोमीटर अठरा. काटा एकशे पंधरा. त्यांनी गुडघा मीटरच्या आड आणला. "एकशे चार."

किलोमीटर वीस. ट्रक, चढ, समोरून ऊन. काटा एकशे एकोणीस. तपासनिसांनी दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. "एकशे चार," ते खिडकीबाहेरच्या एका खांबाला म्हणाले.

किलोमीटर बावीस. लेकीचं फाटक. लेक हात हलवत उभी. बायकोने गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं आणि किल्ली हातात घेऊन तशीच बसून राहिली.

"एकशे चार?"

"एकशे चार."

"सात किलोमीटर?"

तपासनिसांनी मान हलवली.

"अठ्ठावीस वर्षं रोज संध्याकाळी मी तुमचे आकडे ऐकतेय," ती म्हणाली. "शीतगृहाच्या दारात कुणी शिंकलं तरी तुमचा आकडा अर्ध्या अंशाने हलतो. सात किलोमीटर एका जागी उभा राहिलेला आकडा मी आज पहिल्यांदा ऐकला. किती होता?"

"एकशे एकोणीस," तपासनीस म्हणाले. मग इमानाने, "जरा वरच."

"मला वाटलं त्याहून कमीच आहे."

"म्हणजे तुला कळलं होतं? मग थांबली का नाहीस?"

"तुम्ही थांब म्हणालात का?"

लेक खिडकीशी आली. "बाबा, घड्याळ बघा! नाश्त्याच्या वेळेला आलात. गाडी विकलीत की काय?"

"विकायची कशाला?" बायको म्हणाली. "चांगली चालते की."

तपासनीस उतरले आणि सवयीने बॉनेटकडे गेले. हात लावला, आणि न उघडताच परत आले.

संध्याकाळी परतताना बायकोने किल्ली त्यांच्या हातात दिली आणि ती शेजारी बसली. उतार सुरू झाला. पहिल्या वळणावर तपासनिसांनी विचारलं, "किती आहे?"

तिने वाकून मीटरकडे पाहिलं. "बरं आहे."

"बरं म्हणजे किती?"

"बरं म्हणजे बरं. समोर बघा."

दुसरा इलाजच नव्हता. ते समोर बघू लागले. झाडं होती, वळणं होती, आणि अर्ध्या उतारावर उजव्या हाताला पाणी चमकलं. चांगलं मोठं, डोंगराच्या कुशीत पसरलेलं.

"अरेच्चा! इथे तळं कधी झालं?"

"आपण गाडी घेतली त्याच्या कितीतरी आधीपासून आहे," बायको म्हणाली. "गेल्या खेपेला त्याच्या काठावरच थांबला होतात. तुमचं डोकं बॉनेटमध्ये होतं."